फलंदाज-गोलंदाजांची पत्रिका जुळवताना

लग्न ठरवण्यापूर्वी मुलामुलीच्या पत्रिका समोर ठेवून छत्तीसपैकी किती गुण जमतात हे पाहण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. अलीकडे क्रिकेटच्या समालोचनातही अशीच एक जुळवाजुळव सुरू झाली आहे. तिला 'मॅच-अप' असे म्हणतात. नवा फलंदाज मैदानात उतरला की पडद्यावर एक चौकट झळकते. या फलंदाजाने या गोलंदाजाचे किती चेंडू खेळले, किती धावा काढल्या, किती वेळा तो बाद झाला, हे सारे तीत असते. पाठोपाठ समालोचक सांगतात, "फलंदाज डावखुरा आहे, तेव्हा आता डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला चेंडू देण्यात अर्थ नाही." कर्णधारही पुष्कळदा तसेच करतो.

मोठ्यांच्या खेळातले हे शहाणपण शाळेच्या मैदानावर उतरायला वेळ लागत नाही. समजा, आपल्या शहरातल्या आमखास मैदानावर आठवी-नववीच्या मुलांचा सामना चालला आहे. डावखुरी फिरकी टाकणारी एक मुलगी चांगली गोलंदाजी करते आहे. समोर डावखुरा फलंदाज येताच तिच्या हातातून चेंडू काढून घेतला जातो. तिला कारण विचारायचे असेल, तर क्रीडाशिक्षकाने आणि विज्ञानाच्या शिक्षकाने तिला काय उत्तर द्यावे? "टीव्हीवर सांगतात" हे उत्तर पुरेसे नाही. म्हणून या सिद्धान्तात खरे किती, अर्धवट किती आणि पोकळ किती याची तपासणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

भूमिती खरी आहे

प्रथम जे खरे आहे ते मान्य करू. गोलंदाज आणि फलंदाज एकाच हाताचे आहेत की वेगवेगळ्या, यावरून चेंडू कोणत्या कोनातून येणार हे ठरते, आणि कोनाचे परिणाम मोजता येतात. नववीच्या विद्यार्थ्याला समरूप त्रिकोणांच्या आधारे हे गणित सहज करता येईल.

उजव्या हाताचा गोलंदाज 'ओव्हर द विकेट' गोलंदाजी करतो, तेव्हा त्याच्या हातातून चेंडू सुटण्याची जागा यष्टींच्या मध्यरेषेपासून सुमारे ५० सेंटीमीटर बाजूला असते असे धरू. ही बाजू डावखुऱ्या फलंदाजाची लेग बाजू होय. चेंडू सुटल्यापासून पलीकडच्या यष्टींपर्यंतचे अंतर अंदाजे १९ मीटर धरू. चेंडू सरळ रेषेत जाऊन मधल्या यष्टीवर आदळणार आहे आणि त्याचा टप्पा यष्टींपासून ६ मीटरवर पडतो आहे. मग टप्प्याची जागा मध्यरेषेपासून किती दूर? ५० × ६ ÷ १९, म्हणजे सुमारे १६ सेंटीमीटर. तिन्ही यष्टींची एकूण रुंदी २२.८६ सेंटीमीटर असते, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ११.४ सेंटीमीटर. तेव्हा हा टप्पा लेग-यष्टीच्या बाहेर पडला, आणि लेग-यष्टीबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत देता येत नाही. चेंडू यष्टींवर जाणार असूनही डावखुरा फलंदाज वाचतो!

याच चेंडूसमोर उजवा फलंदाज असता तर टप्पा ऑफ-यष्टीच्या बाहेर पडला असता. तेथे नियम वेगळा आहे. चेंडू पायाला यष्टींच्या रेषेत लागला तर उजवा फलंदाज पायचीत होऊ शकतो. हाच टप्पा ६ ऐवजी ४ मीटरवर पडला तर ५० × ४ ÷ १९, म्हणजे साडेदहा सेंटीमीटर. आता तो रेषेच्या आत आला आणि डावखुऱ्याचे संरक्षण संपले. तेव्हा हा फायदाही सरसकट नाही. तो टप्प्याच्या लांबीवर आणि टप्प्यानंतर चेंडू किती वळतो यावर अवलंबून आहे.

दुसरी खरी गोष्ट खेळपट्टीची. बहुसंख्य गोलंदाज उजव्या हाताचे असल्याने त्यांच्या बुटांनी खेळपट्टी एका ठरावीक बाजूला उखडते. पलीकडच्या टोकाकडून गोलंदाजी सुरू झाली की हा खडबडीत भाग डावखुऱ्या फलंदाजाच्या ऑफ-यष्टीबाहेर येतो. कसोटीच्या पहिल्या दिवशी पायचीतच्या नियमाने ज्याला आधार दिला, त्याच डावखुऱ्याला चौथ्या-पाचव्या दिवशी ऑफस्पिन गोलंदाज या खडबडीत भागातून चेंडू बाहेर वळवून सतावतो. फलंदाज तोच, त्याचा हातही तोच, पण फायद्याचा तोटा झाला. "डावखुऱ्याला फायदा असतो की तोटा?" या प्रश्नाला म्हणूनच एका वाक्यात उत्तर नाही.

बेसबॉलमधून आलेली शिकवण

हाताच्या जोड्या लावण्याचे हे शास्त्र अमेरिकेतील बेसबॉलमध्ये फार आधीपासून रुजले आहे. तेथे पिचर आणि बॅटर एकाच हाताचे असतील तर सरासरीने पिचरचे पारडे जड, आणि वेगवेगळ्या हातांचे असतील तर बॅटरचे जड, असे दीर्घकालीन नोंदींवरून दिसते. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. उजव्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या बॅटरपासून दूर जातो, तर डाव्या बॅटरकडे तो आत येतो आणि त्याला अधिक नीट दिसतो. एका बॅटरपुरता एक पिचर आणायचा आणि लगेच बदलायचा, हा प्रकार तेथे इतका वाढला की २०२० पासून नियमच करण्यात आला. मैदानात आलेल्या पिचरने किमान तीन बॅटरना सामोरे जावे, नाहीतर अर्धा डाव संपवावा.

ही शिकवण क्रिकेटमध्ये जशीच्या तशी आणण्यात पहिली गफलत आहे. बेसबॉलचा चेंडू बहुधा हवेतूनच बॅटरपर्यंत पोचतो. क्रिकेटचा चेंडू टप्पा घेतो, आणि टप्प्यानंतर तो कोणीकडे वळेल हे केवळ हातावरून ठरत नाही. रवींद्र जडेजा आणि कुलदीप यादव दोघेही डाव्या हाताने फिरकी टाकतात. जडेजाचा नेहमीचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर वळतो, तर मनगटाने फिरकी देणाऱ्या कुलदीपचा नेहमीचा चेंडू त्याच फलंदाजाकडे आत येतो. 'डावखुरा फिरकीपटू' ही एकच चिठ्ठी दोघांना चिकटवली तर हाती काहीच लागत नाही. शिवाय क्रिकेटच्या गोलंदाजाला 'राउंड द विकेट' जाऊन आपला कोन बदलता येतो. म्हणजे हात ही अनेक चलांपैकी एक चल आहे, सारे समीकरण नव्हे.

सवयीचा भाग

कोनाखेरीज दुसरे एक कारण सांगितले जाते, ते म्हणजे अपरिचयाचे. जगात सुमारे दहा टक्के माणसे डावखुरी आहेत. बाकीच्यांना त्यांच्याशी खेळण्याचा सराव कमी मिळतो, म्हणून समोरासमोरच्या खेळांत डावखुऱ्यांना लाभ होतो. मात्र ते संख्येने वाढले की हा लाभ आटतो. फ्रान्समधील मिशेल रेमों आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हा विचार मांडताना समोरासमोरच्या खेळांची तुलना एकट्याने करायच्या खेळांशी केली होती. प्रतिस्पर्धी थेट समोर असतो अशा खेळांत उच्च पातळीवर डावखुरे जास्त आढळतात, जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांत नाही. तलवारबाजी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. हा खेळ आपल्या शहरात चांगला रुजलेला असल्याने विद्यार्थ्यांना तेथे जाऊन डावखुऱ्या खेळाडूविरुद्धची लढत प्रत्यक्ष पाहता येईल.

२०१७ मध्ये जर्मनीतील फ्लोरियन लॉफिंग यांनी यात आणखी एक धागा जोडला. प्रतिक्रियेला वेळ जितका कमी, तितके अव्वल खेळाडूंत डावखुऱ्यांचे प्रमाण जास्त, असे त्यांना दिसले. स्क्वॉशमध्ये ते साधारण लोकसंख्येइतकेच, तर बेसबॉलच्या पिचरांत शंभरांत तीसच्या आसपास. क्रिकेटच्या गोलंदाजांतही ते लोकसंख्येपेक्षा पुष्कळ अधिक होते.

क्रिकेटच्या फलंदाजीवर याआधी गाजलेला अभ्यास म्हणजे २००४ मध्ये रॉबर्ट ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला लेख. त्यांनी २००३ च्या विश्वचषकाचे आकडे तपासले. डावखुरे फलंदाज अधिक यशस्वी ठरले, डावखुऱ्यांची सवय नसलेल्या गोलंदाजांविरुद्ध हे यश अधिक होते, आणि सर्वांत यशस्वी संघांत डावखुऱ्या फलंदाजांचे प्रमाण निम्म्याच्या जवळपास होते, असे त्यांचे निष्कर्ष.

लेख कल्पक आहे, पण वाचताना दोन शंका घ्यायला हव्यात. एक म्हणजे ही एकाच स्पर्धेची गोष्ट आहे, आणि ती स्पर्धा ऑस्ट्रेलियाने एकही सामना न गमावता जिंकली होती. त्या संघात हेडन, गिलख्रिस्ट, बेव्हन असे डावखुरे होते. ते डावखुरे होते म्हणून संघ जिंकला, की मुळात असामान्य असलेल्या संघात काही डावखुरे होते? एका स्पर्धेवरून हे सोडवता येत नाही. दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. डावखुरा फलंदाज म्हणजे डावखुरा माणूस, असे समजायचे का?

'डावखुरा' म्हणजे नेमका कोण?

सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि उजव्या हाताने फलंदाजी करतो. सांगलीत वाढलेली स्मृती मंधाना इतर व्यवहारांत उजव्या हाताची आहे आणि डावखुरी फलंदाजी करते. धावफलकावर एक 'उजवा' आणि दुसरी 'डावखुरी'. पण बॅट कशी धरली जाते ते पाहा. उजव्या फलंदाजाचा डावा हात मुठीवर वरच्या बाजूला असतो, डावखुऱ्या फलंदाजाचा उजवा. म्हणजे ज्या हाताने ही दोघे लिहितात, तोच हात दोघांच्याही बॅटवर वर आहे. धावफलकाच्या दृष्टीने परस्परविरुद्ध असलेली ही दोघे या दृष्टीने एकाच जातीची ठरतात!

डेव्हिड मान आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नेमका हाच मुद्दा तपासला. व्यावसायिक फलंदाजांत प्रबळ हात वर ठेवणाऱ्यांचे प्रमाण नवशिक्यांच्या तुलनेत सुमारे सात पट जास्त असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे आपण ज्याला 'डावखुऱ्यांचा फायदा' म्हणतो त्याचा काही भाग कदाचित डावखुरेपणाचा नसेलच. तो प्रबळ हाताने बॅटला दिशा देण्याचा असेल. अर्थात या अभ्यासालाही मर्यादा आहेत. त्यातले व्यावसायिक फलंदाज पन्नासपेक्षाही कमी होते, आणि ते गाळणीतून वर आलेले खेळाडू होते. तसेच उभे राहून जे अपयशी ठरले त्यांची गणती त्यात नाही. तेव्हा "सर्व मुलांना उलटे उभे करा" असा निष्कर्ष काढणे तितकेच उतावळेपणाचे होईल. पण एवढे नक्की की 'डावखुरा' या एका शब्दाखाली आपण दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजतो आहोत. व्याख्याच सैल असेल तर आकडेवारी घट्ट कोठून होणार?

चिंचोक्यांचा प्रयोग

आता पडद्यावरच्या त्या चौकटीकडे वळू. "या गोलंदाजाने या फलंदाजाला २४ चेंडूंत तीनदा बाद केले आहे" हे वाक्य ऐकताना गोलंदाजाने काहीतरी गुपित हेरले असावे असे वाटते. ते तपासण्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल.

एका डब्यात २० चिंचोके घ्या आणि त्यांतल्या एकाला रंग द्या. रंगीत चिंचोका म्हणजे 'बाद'. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता एक चिंचोका काढायचा, नोंद करायची, तो परत डब्यात टाकायचा आणि डबा हलवायचा. असे २४ वेळा. म्हणजे २४ चेंडू टाकले, आणि प्रत्येक चेंडूवर बाद होण्याची संभाव्यता एकास वीस. येथे कोणी गोलंदाज कोणाला भारी नाही, कोणाचा हात उजवा-डावा नाही. सगळ्या जोड्या अगदी सारख्या आहेत.

पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात काय दिसेल? २४ पैकी एकदाही रंगीत चिंचोका न येण्याची संभाव्यता ०.९५ चा २४ वा घात, म्हणजे ०.२९. तीन किंवा अधिक वेळा येण्याची संभाव्यता सुमारे ०.१२. म्हणजे साधारण चौदा-पंधरा विद्यार्थ्यांच्या वहीत 'कधीच बाद नाही' अशी नोंद होईल आणि सहा जणांच्या वहीत 'तीन किंवा अधिक वेळा बाद'. याच वह्या समालोचकांच्या हाती दिल्या, तर पहिल्या गटाला ते 'या गोलंदाजाला पुरून उरणारे' म्हणतील आणि दुसऱ्या गटाला 'त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक'. प्रत्यक्षात डब्यातल्या चिंचोक्यांनी कोणाचाही पक्ष घेतलेला नाही.

आता उलट बाजूने विचार करू. समजा फरक खरोखरच आहे. एका प्रकारच्या फलंदाजाविरुद्ध बाद करण्याची संभाव्यता वीसास एक आणि दुसऱ्या प्रकाराविरुद्ध सोळास एक. क्रिकेटच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. तो संख्याशास्त्राच्या नेहमीच्या निकषांवर खात्रीने ओळखायचा, तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे पाच हजार चेंडूंच्या नोंदी लागतात. आयपीएलमध्ये एका गोलंदाजाला सामन्यात जास्तीत जास्त २४ चेंडू मिळतात, साखळीच्या १४ सामन्यांत ३३६. सगळे चेंडू एकाच प्रकारच्या फलंदाजांना टाकले तरी पाच हजारांसाठी पंधरा हंगाम हवेत. मग एका विशिष्ट फलंदाजाविरुद्धच्या वीस-पंचवीस चेंडूंवरून काय कळणार?

बेसबॉलच्या अभ्यासकांनी हे फार आधी ओळखले. टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन यांच्या 'द बुक' या ग्रंथात यावर सविस्तर चर्चा आहे. एखाद्या बॅटरची स्वतःची डावी-उजवी आकडेवारी हजाराहून अधिक खेळींची झाल्याशिवाय तिच्यापेक्षा सर्वसाधारण सरासरीवरच अधिक भरवसा ठेवावा, असा त्यांचा निर्वाळा आहे. जेथून हा सिद्धान्त आला तेथले जाणकार इतके सावध, आणि आपण मात्र चार षटकांवर भविष्य सांगतो.

ठळक जोड्याच आपल्या लक्षात राहतात हेही येथे विसरू नये. श्रीरामपूरच्या जहीर खानने दक्षिण आफ्रिकेच्या ग्रॅम स्मिथला वारंवार बाद केले. दोघेही डावखुरे. तेथे क्रिकेटचे कारणही असेल, कारण आत येणारा चेंडू स्मिथला अडचणीचा होता. पण जहीरने शेकडो फलंदाजांना गोलंदाजी केली. त्यांतल्या सर्वांत उठून दिसणाऱ्या जोडीवरून नियम बांधणे म्हणजे खऱ्या ठरलेल्या भाकितांवरून ज्योतिष सिद्ध करण्यासारखे आहे.

मिसळलेल्या आकड्यांची फसगत

"मग नोंदी वाढवा, म्हणजे झाले," असे कोणी म्हणेल. पण नुसती संख्या वाढवून भागत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने डावखुऱ्या फलंदाजांना १०० चेंडू टाकले आणि १२४ धावा दिल्या. उजव्यांना १०० चेंडू टाकले आणि ११४ धावा दिल्या. निष्कर्ष उघड दिसतो : डावखुऱ्यांना तो महागात पडतो.

आता तेच आकडे डावाच्या टप्प्यांनुसार वेगळे करू. सुरुवातीच्या षटकांत, जेव्हा क्षेत्ररक्षक आत असतात, तेव्हा त्याने डावखुऱ्यांना ६० चेंडूंत ८४ धावा दिल्या, म्हणजे चेंडूमागे १.४०. उजव्यांना २० चेंडूंत ३०, म्हणजे १.५०. मधल्या षटकांत डावखुऱ्यांना ४० चेंडूंत ४०, म्हणजे १.००, आणि उजव्यांना ८० चेंडूंत ८४, म्हणजे १.०५. दोन्ही टप्प्यांत तो डावखुऱ्यांविरुद्ध अधिक चांगला आहे! तरी एकूण बेरीज उलटे सांगते, कारण डावखुऱ्यांशी त्याची गाठ बहुतेकदा कठीण षटकांत पडली. संख्याशास्त्रात याला 'सिम्प्सनचा विरोधाभास' म्हणतात. विद्यार्थ्यांना हा तक्ता फळ्यावर मांडून दाखवावा. सरासरीची सरासरी काढू नये, हे त्यांना पुन्हा सांगावे लागणार नाही.

याच जातीची दुसरी चूक केवळ संख्या मोजण्याची. फेब्रुवारी २०२१ मध्ये रविचंद्रन अश्विन कसोटीत २०० डावखुऱ्या फलंदाजांना बाद करणारा पहिला गोलंदाज ठरला. ऑफस्पिन डावखुऱ्यापासून बाहेर वळत असल्याने त्यात कौशल्याचा आणि कोनाचा वाटा आहेच. पण डावखुरा आला की कर्णधार अश्विनच्या हाती चेंडू देत असे, हेही खरे. संधी जास्त मिळाली तर बळीही जास्त मिळणार. २०० हा अंश झाला. छेद, म्हणजे डावखुऱ्यांना टाकलेले एकूण चेंडू, समोर ठेवल्याशिवाय अपूर्णांक पुरा होत नाही.

यश मोजायचे कशाने, हेही आधी ठरवावे लागते. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापू नाडकर्णी यांनी ३२ षटके टाकली, त्यांतली २७ निर्धाव होती, धावा ५ आणि बळी शून्य. डावखुरी फिरकी आणि समोर उजवे फलंदाज, म्हणजे पत्रिका उत्तम जुळलेली. बळींचा रकाना पाहणारा म्हणेल, जोडी निष्फळ. धावांचा रकाना पाहणारा म्हणेल, याहून सरस जोडी नाही. उलट बाजूचे उदाहरण २९ जून २०२४ चे. ब्रिजटाउन येथील टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात डावखुऱ्या अक्षर पटेलने उजव्या ट्रिस्टन स्टब्सचा त्रिफळा उडवला, आणि पंधराव्या षटकात उजव्याच हाइनरिक क्लासेनपुढे त्याने २४ धावा मोजल्या. सिद्धान्त एकच, हातांची जोडी एकच, सामनाही एकच. या दोन्हींपैकी कोणतीही घटना सिद्धान्ताच्या बाजूने किंवा विरुद्ध पुरावा नाही. एकेका घटनेकडून सरासरीचा निवाडा मागताच येत नाही.

चिठ्ठी चिकटवण्याची किंमत

या साऱ्याचे नुकसान केवळ समालोचनातल्या वायफळ बडबडीपुरते असते तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. माणसांची वर्गवारी झाली की संधीही वर्गवारीने वाटल्या जातात. मुंबईच्या पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले, पण त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. तो काळ बिशनसिंग बेदींचा होता, आणि बेदीही डावखुरे फिरकी गोलंदाज. १९६७ मध्ये एजबॅस्टनच्या कसोटीत बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना आणि वेंकटराघवन हे चौघे एकत्र खेळले. त्यांत प्रसन्ना आणि वेंकटराघवन हे दोघे ऑफस्पिनर होते. उजव्या हाताचे दोन सारखे गोलंदाज एका संघात सामावू शकतात, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. मग डावखुऱ्या फिरकीसाठी संघात एकच खुर्ची असते, हे कोणत्या गणिताने ठरले? बेदी थोर गोलंदाज होते यात शंका नाही. प्रश्न आहे तो 'डावखुरा' या रकान्यात एकच नाव मावते असे मानण्याचा.

शिवलकरांना निदान मुंबईकडून खेळण्याची संधी मिळाली. शाळेच्या मैदानावरच्या मुलीचे काय? तिच्याजवळ पाच हजार चेंडूंच्या नोंदी नाहीत, खडबडीत झालेली पाचव्या दिवसाची खेळपट्टी नाही, समोरचा डावखुरा मुलगाही अजून शिकतोच आहे. मोठ्यांच्या क्रिकेटमधली सरासरी तिला लागू करण्याचा कोणताही आधार नाही. त्यातून तिला डावखुऱ्याला गोलंदाजी करूच दिली नाही, तर तिला ती कधी येणारही नाही. मग पुढे कोणीतरी आकडे दाखवून म्हणेल, "पाहा, हिला डावखुऱ्यांविरुद्ध जमत नाही." भाकितच स्वतःला खरे करून घेते. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या हातातली पेन्सिल बळेच उजव्या हातात देणारे पालक आणि शिक्षक आता पुष्कळ कमी झाले आहेत. चेंडू काढून घेण्याची ही नवी रीतही त्याच मापाने तपासली पाहिजे.

शिक्षकांना यातून तीन गोष्टी करता येतील. पहिली, समरूप त्रिकोणांचे वरचे गणित मैदानावर दोरी आणि चुना घेऊन प्रत्यक्ष आखून दाखवावे. हाताच्या जोडीत जे खरे आहे ते मुलांना तेथे स्वच्छ दिसेल. दुसरी, चिंचोक्यांचा प्रयोग करून 'तीनदा बाद' या नोंदीचे वजन त्यांनाच ठरवू द्यावे. तिसरी, शाळेच्या सामन्यांची नोंदवही ठेवताना प्रत्येक बळीसोबत टाकलेले चेंडू, डावातला टप्पा आणि गोलंदाज यष्टीच्या कोणत्या बाजूने आला हेही लिहून घ्यावे. एका वर्षात त्यातून निष्कर्ष निघणार नाही. पण निष्कर्षासाठी काय काय लागते हे मुलांना कळेल, आणि विज्ञानाच्या तासाचे काम तेच आहे.

डावे-उजवे हा सरासरीने खरा असलेला फरक आहे. कोनामुळे आणि सवयीमुळे तो पडतो, म्हणून कोन किंवा सवय बदलली की तोही बदलतो. अमुक नावाच्या खेळाडूच्या कपाळावर तो लिहिलेला नसतो. तेव्हा आमखास मैदानावरच्या त्या मुलीला तिचे षटक पुरे करू द्यावे.